उजव्या मनगटाचा मणी

"शंभरातून सात सात वजा करत या बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, त्र्याण्णव म्हटलं, शहाऐंशी म्हटलं, आणि एकोणऐंशीशी पोचायच्या आत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर घासायला लागला. हळूच. मेणाची बारीकशी गोळी वळावी तसा. बाबांचं लक्ष आकड्यांत होतं, गणितात ते पहिल्यापासून कच्चे, कपाळाला आठ्या घालून त्यांचं बहात्तर, पासष्ट चाललं होतं, आणि हात आपला निराळाच उद्योग करत होता. शेजारी बसलेल्या लेकीच्या काळजात धस्स झालं. हात थरथरतो म्हणून नव्हे. त्या दिवशी बशीत चहा सांडला म्हणून तर तिने त्यांना ओढून इथे आणलं होतं. धस्स झालं ते ही थरथर तिच्या ओळखीची निघाली म्हणून. एका सेकंदात पाच वेळा, अंगठा आत, बाहेर, आत, आणि त्याच्यामागून मनगट जरासं ओढल्यासारखं. हे तिने पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, स्वतःच्या हाताने साफ करून टाकलं होतं. आणि तेही एकदा नव्हे, गेले आठ महिने, जवळजवळ रोज.

"हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "झाले असतील पंधरा दिवस," बाबा म्हणाले, "फार तर तीन आठवडे." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "घरी तुमच्या लक्षात आलं होतं काही?" "नाही," ती म्हणाली, आणि म्हणाली ते शब्दशः खरंच होतं, घरी नव्हतंच आलं. बाईंनी बाबांना दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. बाबा चालले. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून. हेही तिला पाठ होतं. उजवा झुलत नाही म्हणून तिने डाव्याचं झुलणं उलटं करून उजव्याला लावलं होतं, दहा मिनिटांचं काम, आणि वर शेजारच्या टेबलावरच्या पोराला कौतुकाने दाखवलंही होतं, बघ कसं बेमालूम बसलंय. बाई चिठ्ठीवर काहीतरी लिहीत होत्या. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते कुणीही ऐकलेलं असतं, पण आपल्या माणसाला लागून आलं की ते नाव नवंच वाटतं. औषधं आहेत, म्हणाल्या. लवकर कळलं हे बरं झालं, म्हणाल्या. लवकर! ती जमिनीकडे बघत राहिली.

ती नोकरी करायची त्या कंपनीत व्हिडिओ गेम बनत. गेली दोन वर्षं सामुराईचा गेम चालला होता. काही शतकांपूर्वीचं जपान, सरदारांच्या आपसातल्या लढाया, बर्फ, बांबूची बनं, जळलेली गावं, आणि धनी मारला गेल्यामुळे एकटा पडलेला एक उतारवयाचा तलवारबाज. त्या तलवारबाजाचा चेहरा एका चित्रकाराने काढलेला, आवाज कुणा भलत्याचाच, पण अंग बाबांचं. बाबांनी जन्मभर नाटकांतल्या तलवारीच्या लढाया बसवल्या होत्या, चंदेरी रंग दिलेल्या लाकडी तलवारींनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मग नाटकांतल्या लढायाच संपल्या आणि मास्तर घरी वर्तमानपत्रातली कोडी सोडवत बसले. कंपनीत तरण्याताठ्या पोरांना बोलावून पाहिलं होतं. ती उड्या झकास मारत, पण म्हातारं होणं काही त्यांना जमेना. तेव्हा तीच दिग्दर्शकाला म्हणाली होती, माझे वडील करतील. दिग्दर्शक म्हणजे बारा महिने लोकरीची टोपी घालून बसणारा एक तिशीतला बुवा, त्याला सगळे पाठीमागे टोपीवाला म्हणत. पहिल्या दिवशी बाबांनी तो काळा घट्ट पोशाख चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "सर्कशीतलं वटवाघूळ दिसतोय मी." त्या पोशाखावर अंगभर करडे चमकते मणी लावत. छताशी चाळीस कॅमेरे. त्या कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, फक्त मणी दिसतात. मग ते ठिपके तिच्या संगणकावर येत, आणि ती ठिपक्यांतून माणूस उभा करी. एखादा मणी सैल असतो, डुगडुगतो, कधी कॅमेऱ्याला एक मणी दुसऱ्यासारखा वाटतो आणि सांगाडा उगाच शहारतो. ऑफिसात त्याला सरळ कचरा म्हणत. कचरा काढणं हे तिचं काम. सात वर्षं ती ते करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाबांच्या उजव्या मनगटावर फार कचरा येई. म्हणून तिने खास त्या मनगटासाठी, थरथर आपोआप पुसून टाकणारा एक फिल्टर करून ठेवला होता. फाइल आली की आधी तो चालवायचा, मग पुढचं काम. कचऱ्याला ताल नसतो, हे ती नव्या पोरांना स्वतः शिकवायची. आणि या कचऱ्याला घड्याळासारखा ताल होता. आठ महिने तिच्या डोळ्यांसमोर होता. डोळे काय गहाण टाकले होते का तिने!

दवाखान्याच्या जिन्यात बाबा थांबले. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. "ऑफिसात इतक्यात बोलू नकोस," ते म्हणाले. "गुरुवार होऊ दे." गुरुवारी शेवटचं दृश्य होतं. सगळ्या लढाया संपल्यात, म्हातारा सामुराई रिकाम्या घरात गुडघ्यांवर बसतो, तलवारीचं पातं कागदाने पुसतो, म्यानात घालतो, आणि नुसता बसून राहतो. चाळीस सेकंद. मग गेम संपतो. "बाबा, बसून राहायचंय त्यात," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "वार मारताना काही होत नाही गं, पाहिलंस ना. हात कामात असला की गप असतो. रिकामा बसला की चाळे." हे त्यांनी असं सांगितलं, जणू एखाद्या उनाड विद्यार्थ्याची तक्रार करताहेत. मग त्यांनी कठडा धरला आणि भराभरा उतरायला लागले, आणि ती मागून त्यांच्या पाठीकडे बघत उतरली. ताठ पाठ. अजून कशी ताठ होती.

बसणं, उभं राहणं. बाबांची सगळी ऐट त्यातच होती. ती सात-आठ वर्षांची असताना दुपारी नाट्यगृहात कुणी नसे, तेव्हा ते तिला सोबत नेत. रंगमंचावर मधोमध उभे राहत, उजवा हात समोर धरत, पालथा, आणि तिला सांगत, ठेव पेला. ती पाण्याने काठोकाठ भरलेला पेला त्यांच्या पालथ्या हातावर ठेवी आणि शंभरपर्यंत मोजी. ती लबाडी करी, साठच्या पुढे हळूहळू मोजी, सत्तर... एक्काहत्तर... बाबा हसत नसत, डोळा हलवत नसत. खुर्च्यांच्या रांगांवर धूळ, वरच्या झरोक्यातून एक तिरपा उजेड, आणि त्या उजेडात पेल्यातलं पाणी काचेसारखं घट्ट. तिला मनातून फार वाटायचं की सांडावं, एकदा तरी एक थेंब सांडावा. कधी सांडला नाही. "वार काय, कुणीही करील," बाबा पेला खाली ठेवत म्हणत. "उभं राहून दाखवा." या गेममध्येही त्यांनी तेच केलं होतं. खेळणारा पाणी प्यायला उठला की पडद्यावर सामुराई नुसता उभा असतो, श्वास घेतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेतो. टोपीवाला म्हणाला होता, दोन मिनिटांत उरकू. बाबांनी दोन तास घेतले. आणि नेमक्या त्याच फाइलीत सगळ्यात जास्त कचरा होता.

घरी आई दारातच उभी होती. तिने चिठ्ठी वाचली नाही, घडी तशीच घेऊन डब्याखाली ठेवली. बाबा हातपाय धुवायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." "म्हणजे?" "हिवाळ्यापासून बटणं मीच लावते त्यांची. हळूहळू बटणांचे शर्टच काढून ठेवले. अर्धाच कप चहा देते." आईने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला राग आला, आईचा, आणि मग लगेच स्वतःचा. "मला नाही सांगितलंस ते!" "तू तर दिवसभर त्यांचे हातपायच बघत असतेस ऑफिसात," आई म्हणाली. "मी म्हटलं, तुला काय सांगायचं?" टोमणा नव्हता तो. आईला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे घरात एकीने त्यांचा हात जाणूनबुजून झाकला, आणि दुसरीने न कळता. यातलं कुठलं जास्त वाईट, ते काही तिला ठरवता येईना. जेवताना बाबा डाव्या हाताने घास घेत होते. किती दिवस घेत होते? तिला आठवेना. तिला बाबांच्या डाव्या कोपराचा कोन दशांशापर्यंत सांगता आला असता, पण ते कुठल्या हाताने जेवतात हे सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात मूळ फाइली उघडल्या, फिल्टरच्या आधीच्या. कंपनीत काही टाकून देत नसत, सगळं तारीखवार ठेवलेलं. ती मागे मागे गेली. मेमध्ये थरथर, मार्चमध्ये थरथर, जानेवारीत थोडी, आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, बर्फात उभं राहायच्या दृश्यात, अकराव्या सेकंदाला, अंगठ्याचा एकच ठिपका पहिल्यांदा हलला होता. तीनदा. मग थांबला होता. पडद्यावरचा तो ठिपक्यांचा म्हातारा क्षणभर मान खाली घालतो, हाताकडे बघतो, आणि परत समोर बघतो. ती मानही तिने सरळ केली होती. तिला आठवलं, अगदी लख्ख आठवलं, ती तेव्हा वैतागली होती, हे बाबा मधेच खाली कशाला बघतात म्हणून. दुनियेत दोघांनीच तो क्षण पाहिला होता, बाबांनी आणि तिने, आणि तिने तो उचलून कचऱ्यात टाकला. ती उठून पाणी प्यायला गेली. तिथे मणी चिकटवणारी पोरगी भेटली, तिला सगळे मणीवाली म्हणत, फार बोलकी. सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "बाबांच्या उजव्या मनगटाचा मणी नेहमी सैल का असतो गं?" "मला काय विचारता ताई?" मणीवाली हसली. "तो एक मणी मास्तर स्वतः लावतात. मला हातच लावू देत नाहीत. परत वर टोपीवाल्याला सांगतात, मणी सैल बसलाय, मुलगी सांभाळून घेईल." ताई तिथेच, पेला हातात धरून, उभ्या राहिल्या. पाणी प्यायचं राहून गेलं.

म्हणजे त्यांना नोव्हेंबरापासून माहीत होतं. आणि त्यांनी तिच्यावर भिस्त ठेवली होती. गुरुवारपर्यंतचे दोन दिवस हे एकच वाक्य तिच्या डोक्यात भुणभुणत राहिलं, मुलगी सांभाळून घेईल. बसमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत ती लोकांचे हात बघायला लागली. केवढे हात हलतात! कुणी किल्ल्या खुळखुळवतो, कुणी नख कुरतडतो, कुणी उगाच बोटं मोडतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. आरशापुढे तिने स्वतःचा हात पालथा धरून पाहिला. हलला नाही. तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

गुरुवारी बाबा वेळेआधी अर्धा तास आले. पातं पुसायचा कागद त्यांनी घरूनच चौकोनी घड्या घालून आणला होता. कॅमेऱ्यांखाली, रिकाम्या करड्या फरशीवर, ते गुडघ्यांवर बसले, आणि बसताक्षणी त्या फरशीचं घर झालं, भोवती माणसं नसलेलं घर. तलवार लाकडीच, पण त्यांनी ती म्यानातून काढली तेव्हा तिला धार दिसली. कागद पात्यावरून फिरला, हात गप. म्यान तोंडाशी आलं, पातं आत गेलं, हात गप. मग उजवा हात मांडीवर आला. काचेमागे बसलेली ती मनात मोजायला लागली. सातव्या सेकंदाला सुरू झालं. पहिल्या टेकला बाबांनी बोटं आवळून पाहिलं. दुसऱ्याला त्यांनी काहीच केलं नाही, ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, पाठ ताठ, चेहरा शांत, आणि मांडीवर तो हात एकटाच चालू, चाळीस सेकंद, जणू त्याला कुणी थांब म्हणणारंच उरलं नव्हतं. तिसऱ्या टेकला त्यांनी डावा हात अलगद उचलला आणि उजव्यावर ठेवला. झाकला गेला. काही दिसेना. टोपीवाला म्हणाला, "छान मास्तर, झालं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठताना काचेकडे बघून हसले. काचेतून त्यांना ती दिसत नव्हती, पण ती तिथे असणार हे त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत फाइल द्यायची होती. तिसरा टेक उत्तम होता, त्याला हातही लावायची गरज नव्हती. ती दुसरा लावून बसली. एकदा पाहिला, पाच वेळा पाहिला. फिल्टरच्या बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. नाही. आता नाही. नोव्हेंबरपासून माणूस ओरडून सांगतोय, तोंडाने नाही तर हाताने सांगतोय, आणि मी काय करतेय तर त्याचं तोंड दाबतेय. एकदा तरी कुणीतरी हा हात पाहू दे, असा आहे तसा पाहू दे. तिचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी माणसाला आपण फार मोठं काही करतो आहोत असं वाटतंच. त्यांच्यासाठी करतेय, ती स्वतःला म्हणाली. आतून कुणीतरी म्हणालं, की तुझ्या मनावरचा धोंडा उतरावा म्हणून करतेयस? त्याला तिने गप्प केलं. पावणेचारला तिने दुसरा टेक पाठवला. काहीही साफ न करता. बाबांना फोन करून विचारावं असं तिला सुचलंच नाही, हे तिला सोमवारी कळलं.

सोमवारी टोपीवाल्याने बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. मोठ्या दालनात भिंतभर पडदा, चाळीसेक माणसं. ठिपक्यांवर आता चेहरा चढला होता, पांढरी शेंडी, सुरकुतलेला काळा पोशाख, मागे उघड्या दारातून पडणारं बर्फ. बाबा पहिल्या रांगेत, ती शेजारी. सामुराईने पातं पुसलं, म्यानात घातलं. हात मांडीवर ठेवला. आणि तो हात, पुरुषभर उंचीचा, सगळ्यांसमोर थरथरायला लागला. बाबा हलले नाहीत. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्यांनी आपला खरा हात हळूच कोटाच्या खिशात घातला. चाळीस सेकंद. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. टोपीवाल्याच्या डोळ्यांत पाणी, त्याने चक्क टोपी काढली. "मास्तर, अहो हा हात! बाकी सगळा माणूस दगडासारखा, आणि फक्त हात! सगळं आयुष्य आलं हो त्यात. कसं सुचलं तुम्हाला हे?"

"सुचलं," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही," टोपीवाला तिच्याकडे वळला, "मागच्या दृश्यांतही घालता येईल ही थरथर? पहिल्यापासून. अगदी बारीक, मग वाढत वाढत. पण खरी वाटली पाहिजे हं."

"येईल," ती म्हणाली. सगळं होतंच, तारीखवार ठेवलेलं.

परतताना बसमध्ये दुपारची वेळ, निम्म्याहून जास्त आसनं रिकामी. दोघं एका बाकावर बसली, बाबा खिडकीशी, हात अजून खिशात. एका सिग्नलला बस थांबली तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तिसऱ्या टेकात मी डावा हात ठेवला होता वर."

"हो."

"तुझं काम वाचावं म्हणून ठेवला होता."

"बाबा, मला वाटलं, एकदा तरी खरं..."

"खरं मला ठाऊक आहे की गं," बाबा म्हणाले. "रोज उठून तेच तर बघतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "नोव्हेंबरात पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरलो होतो. वाटलं, आता पोरगी घरी येऊन विचारणार. तू काही विचारलं नाहीस. मग ते दृश्य तयार होऊन आलं, पाहतो तर हात कसा निवांत! मान सुद्धा सरळ केली होतीस. तेव्हा मला कळलं, पोरीला समजलंय. समजलंय आणि न बोलता करतेय माझ्यासाठी. आईला सुद्धा बोललो नाही मी, तुझं माझं होतं ते." सिग्नल सुटला, बस हलली. "आठ महिने सांभाळलंस. एकच राहिलं होतं बाई."

तिने तोंड उघडलं. मला माहीतच नव्हतं, बाबा. मी तुमचा हात ओळखलाच नाही, मला तो कचरा वाटला. एवढं बोलली असती तर शुक्रवारचा गुन्हा जरा हलका झाला असता, निदान ती दगाबाज ठरली नसती. पण मग ते आठ महिने गेले असते. रोज संध्याकाळी घरी येताना बाबांनी जवळ बाळगलेलं, कुणालाही न दाखवलेलं एवढं एकच सुख होतं, तेही मुळात नव्हतंच असं सांगावं लागलं असतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली. तिने त्यांच्या खिशाशी हात नेला, आत घालून तो हात धरावा असं तिला फार वाटलं, लहानपणी गर्दीत धरायची तसा. बाबांनी हात खिशातून काढला. तो थरथरत होता. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि मग तिच्या गुडघ्यांना वळसा घालून ते बाकावरून बाहेर आले आणि वरची दांडी घट्ट धरून मधल्या वाटेत उभे राहिले. दांडीवर हात गप झाला.

"बसा ना बाबा," ती म्हणाली. "जागा आहे की."

"असू दे," बाबा म्हणाले. "उभं बरं वाटतं."

घर यायला अजून अकरा थांबे होते. बस वळणावर कलली, खड्ड्यात आदळली, आणि बाबा पाठ ताठ करून, कुठेही न बघता, सगळा वेळ उभे राहिले.